कंपनीचं व्याज कशातून भागतं? ताळेबंद पहिल्यांदाच उघडणाऱ्यांसाठी

सोलापुरात एखाद्या कंपनीची चौकशी करायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: टर्नओव्हर किती? माग किती, गाळप किती, कामगार किती, हे त्याच्या मागून येतं. बँकेचं कर्ज किती आणि त्याचं व्याज कशातून जातं, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला साठ दिवसांच्या उधारीवर सूत देणारा व्यापारी, साखर कारखान्याला ऊस घालणारा सभासद, चिंचोळीत नोकरीला लागलेला डिप्लोमावाला मुलगा, नुकतंच डीमॅट खातं उघडलेली शिक्षिका, या सगळ्यांचा पैसा शेवटी त्याच उत्तरावर उभा असतो. ते शोधायला सीए असावं लागत नाही. वार्षिक अहवाल, कॅल्क्युलेटर आणि एक निवांत संध्याकाळ पुरते.

आधी कागद मिळवा

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचा अहवाल बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. सोलापूरकरांना सरावासाठी बालाजी अमाइन्स आणि प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या आपल्याच गावच्या दोन कंपन्या आहेत. त्यांचे जुने अहवाल उतरवून घ्या आणि खाली दिलेली प्रत्येक पायरी त्यांवर करून बघा. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नाममात्र शुल्क भरून तिची कागदपत्रं पाहता येतात. सहकारी कारखान्याचा सभासद असाल तर अहवाल तुमच्या हक्काचा आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते, आणि सभेच्या नोटिशीबरोबर अहवाल येतो. तो रद्दीत घालू नका.

अहवाल उघडल्यावर पानाच्या वरच्या कोपऱ्यात रक्कम लाखांत आहे की कोटींत, ते आधी बघा. नवखे लोक सर्वांत जास्त इथेच चुकतात. नोंदलेल्या कंपन्यांचे आकडे दोन प्रकारे छापलेले असतात, एकट्या कंपनीचे आणि उपकंपन्यांसह एकत्रित. बालाजी अमाइन्सची बालाजी स्पेशालिटी केमिकल्स ही उपकंपनी आहे, म्हणजे तिथे दोन्ही पत्रकं सापडतील. एकत्रित आकडे धरा, पण कर्ज नेमकं कोणत्या कंपनीच्या नावावर आहे तेही टिपून ठेवा. बँक वसुलीला जाते ती कर्जदाराकडे किंवा जामीनदाराकडे, समूहाकडे नाही.

व्याजाचा आकडा काढा

नफा-तोटा पत्रकात खर्चाच्या बाजूला 'फायनान्स कॉस्ट' अशी ओळ असते. तिच्यासमोर टिपेचा, म्हणजे पत्रकांच्या मागे छापलेल्या खुलाशाचा, क्रमांक असतो. त्या टिपेपर्यंत गेल्याशिवाय पुढे सरकू नका, कारण एका ओळीत बरंच काही एकत्र बांधलेलं असतं: मुदत कर्जाचं व्याज, कॅश क्रेडिटचं (माल आणि येणी तारण ठेवून रोजच्या खर्चासाठी मिळणाऱ्या बँकेच्या उचलीचं) व्याज, बिल डिस्काउंटिंगचा (बिलाचे पैसे बँकेकडून आधीच घेण्याचा) खर्च, बँक गॅरंटीचं कमिशन, प्रोसेसिंग फी. मोठ्या कंपन्यांमध्ये १ एप्रिल २०१९ पासून भाडेपट्ट्याच्या जागेवरचं हिशेबी व्याजही यातच येतं. सहकारी कारखान्यांच्या अहवालात हे जास्त सरळ असतं. मालतारण कर्जाचं व्याज, पूर्वहंगामी कर्जाचं व्याज, मुदत कर्जाचं व्याज असं वेगवेगळं लिहिलेलं सापडतं.

कापड उद्योगात एक गोष्ट आवर्जून बघायची. सरकारच्या तंत्रज्ञान सुधारणा योजनांतून नव्या मागांच्या कर्जावर व्याज अनुदान मिळालेलं आहे. काही कंपन्या ते अनुदान व्याजातून वजा करून उरलेला आकडा दाखवतात. बँक मात्र दर महिन्याला पूर्ण व्याज खात्यातून कापते, आणि अनुदानाचा पैसा मागाहून येतो. म्हणून हिशेबाला वजावटीआधीचं व्याज घ्या.

साधा भागाकार

आता एक काल्पनिक टॉवेल कंपनी घेऊ. विक्री १२० कोटी. सूत, रंग, वीज, मजुरी वगैरे खर्च १०५ कोटी. म्हणजे धंद्यातून उरले १५ कोटी. घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी दरवर्षी धरायचा खर्च) ५ कोटी. इतर उत्पन्न २ कोटी. व्याज ५ कोटी. करपूर्व नफा ७ कोटी, कर पावणेदोन कोटी, निव्वळ नफा सव्वापाच कोटी.

व्याज भागवण्याची ताकद मोजायला करपूर्व नफ्यात व्याज परत मिळवायचं आणि आलेल्या रकमेला व्याजानं भागायचं. ७ अधिक ५ म्हणजे १२. १२ भागिले ५ म्हणजे २.४. याला इंटरेस्ट कव्हरेज म्हणतात. अर्थ इतकाच, की व्याज द्यायच्या आधीचा नफा व्याजाच्या २.४ पट आहे. हा आकडा १ च्या खाली गेला तर कमाईतून व्याजही सुटत नाही. विजेसारख्या बांधीव उत्पन्नाच्या धंद्यात २ चालून जातो. सूत आणि साखर यांचे भाव हलतात तसे नफे हलतात, तिथे मला तरी ३ च्या खाली झोप लागणार नाही.

हा २.४ आकडा लगेच मान्य करू नका. इतर उत्पन्नाची टीप काढा. समजा ते २ कोटी जुना प्लॉट विकून आलेले आहेत. प्लॉट एकदाच विकला जातो, व्याज दरवर्षी येतं. ते बाजूला काढले की १० भागिले ५, म्हणजे २. काही जण घसाऱ्याच्या आधीचा नफा धरतात, मग १५ भागिले ५ म्हणजे ३ येतात. त्यात मला धोका वाटतो. माग झिजतात, बदलावे लागतात. घसारा हा कागदावरचा खर्च आहे असं म्हणणाऱ्यानं दहा वर्षं जुन्या रेपियर मागाचे सुटे भाग विकत घेऊन बघावेत. दोन कंपन्यांची तुलना करताना दोघींना एकच पद्धत लावा, एवढं तरी नक्की सांभाळा.

दर जुळतो का ते बघा

या पायरीला मी सर्वांत जास्त वेळ देतो, आणि नव्या माणसानंही द्यावा. ताळेबंदातून एकूण कर्ज काढा. दीर्घ मुदतीचं, अल्प मुदतीचं आणि पुढच्या बारा महिन्यांत फेडायचे हप्ते, हे तिन्ही मिळवा. आपल्या उदाहरणात गेल्या वर्षअखेरीस ६० कोटी कर्ज होतं, यंदा ८० कोटी आहे. सरासरी ७० कोटी. व्याज ५ कोटी. दर पडतो ७.१ टक्के.

सोलापुरातल्या मध्यम टॉवेल कंपनीला त्या काळात बँक दहा टक्क्यांच्या आसपास कर्ज देत असेल, तर ७.१ टक्के कुठून आले? उत्तरं तीनचार असू शकतात. कर्ज परकीय चलनात असेल. वाढीव २० कोटी मार्चमध्येच उचलले असतील आणि त्यांचं व्याज अजून लागलेलं नसेल. व्याज अनुदान वजा केलेलं असेल. किंवा व्याजाचा काही भाग नफा-तोटा पत्रकात आलेलाच नसेल.

शेवटची शक्यता नीट समजून घ्या. नवी शेड उभी राहत असताना तिच्या कर्जावरचं व्याज खर्चात न टाकता शेडच्या किमतीत मिळवायचा लेखा नियम आहे. तो पूर्णपणे कायदेशीर आहे. पण त्यामुळे त्या काळात नफा चांगला दिसतो आणि शेड सुरू झाली की व्याज अचानक अंगावर येतं. स्थावर मालमत्तेची टीप किंवा फायनान्स कॉस्टची टीप वाचा. तिथे भांडवली खर्चात धरलेल्या व्याजाची रक्कम लिहिलेली असते. रोख प्रवाह पत्रकात प्रत्यक्ष भरलेल्या व्याजाची ओळही असते, बहुतेक वेळा अर्थपुरवठ्याच्या भागात. आपल्या कंपनीनं तिथे ७ कोटी भरलेले दिसतात. ५ कोटी पत्रकात, २ कोटी शेडच्या किमतीत. ७ भागिले ७० म्हणजे बरोबर दहा टक्के. दर जुळला.

आता पुन्हा भागाकार: १० भागिले ७, म्हणजे १.४३. जिथून निघालो तो २.४ होता. कंपनीनं कुठेही खोटं लिहिलेलं नाही. सगळं टिपांमध्ये छापलेलं आहे.

उलटंही होतं. दर पंधरा-सोळा टक्के पडला तर बहुधा ३१ मार्चच्या आसपास कर्ज तात्पुरतं कमी केलेलं असतं आणि वर्षभर ते बरंच जास्त असतं. नोंदलेल्या कंपन्या सहा महिन्यांनीही ताळेबंद देतात, तेव्हा ३० सप्टेंबरचं कर्ज शेजारी ठेवून बघा.

मुद्दलाचा हप्ता विसरू नका

बँकेला नुसतं व्याज पुरत नाही. मुदत कर्जाच्या हप्त्यात मुद्दलही असतं, आणि ते नफा-तोटा पत्रकात कुठेच दिसत नाही. त्यासाठी डीएससीआर (डेट सर्व्हिस कव्हरेज रेशो) नावाचं गुणोत्तर आहे: निव्वळ नफा, घसारा आणि व्याज यांची बेरीज, भागिले व्याज आणि वर्षात फेडायचं मुद्दल. आपल्या कंपनीला वर्षाला ६ कोटी मुद्दल फेडायचं आहे. सवा पाच, पाच आणि पाच मिळून सव्वापंधरा. त्याला अकरानं भागलं की १.३९. प्लॉटचा नफा आणि त्यावरचा कर काढला तर १.२५. शेडच्या किमतीत गेलेले २ कोटी व्याज खालच्या बाजूला धरले तर १.०६. बँका कर्ज मंजूर करताना साधारण १.२५ ते १.५० च्या वर बघू इच्छितात. १.०६ म्हणजे वर्षभर सगळं सुरळीत चाललं तरच हप्ता सुटणार.

हे गुणोत्तर स्वतः काढायचा कंटाळा आला तरी निदान छापलेलं वाचा. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून कंपन्यांना टिपांमध्ये अकरा गुणोत्तरं द्यावी लागतात, त्यात डीएससीआर आहे. अंशात आणि छेदात काय धरलं हेही लिहावं लागतं, आणि गेल्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर कारण द्यावं लागतं. ते कारण एका ओळीचं आणि गोलमाल असेल तर पेन्सिलीनं खूण करून ठेवा.

नफा आहे, पण पैसा आलाय का?

सोलापूरचा टॉवेल आणि चादर उधारीवर जाते. परगावचा घाऊक व्यापारी नव्वद दिवस म्हणतो आणि कधी एकशे वीस लावतो. विक्री बिल फाडलं त्याच दिवशी नफ्यात धरली जाते. व्याज मात्र महिनाअखेरीस कॅश क्रेडिट खात्यातून जातं. म्हणून वरचे सगळे भागाकार झाल्यावर रोख प्रवाह पत्रकाच्या तीन भागांपैकी पहिल्याची बेरीज बघा, म्हणजे प्रत्यक्ष धंद्यातून आलेली रोकड.

आपल्या कंपनीत शिलकी माल आणि येणी (उधारीचे यायचे पैसे) मिळून ८ कोटींनी वाढली आहेत. पंधरातून आठ गेले, पावणेदोन कोटी कर गेला. हातात सव्वापाच कोटी. व्याज ७ आणि मुद्दल ६ मिळून द्यायचे होते १३. उरलेले पावणेआठ कोटी कुठून आले? कर्ज ६० चं ८० झालं, त्यातून. शेडसाठी कर्ज वाढलं असं संचालक सांगतील आणि ते अर्धं खरं असेल. बाकीच्या कर्जानं जुन्या कर्जाचे हप्ते भरले आहेत. एखाद्या वर्षी असं होणं समजू शकतो. लागोपाठ तीन वर्षं तेच दिसलं तर मी सूत उधार देणार नाही.

लहान कंपन्यांच्या अहवालात रोख प्रवाह पत्रक नसतंच. मग दोन वर्षांच्या ताळेबंदातली येणी आणि माल शेजारी शेजारी मांडून फरक स्वतः काढायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

साखर कारखान्याचा हिशेब वेगळा का

आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची एवढी दाटी आहे की त्यांच्याबद्दल वेगळं लिहिल्याशिवाय हा लेख सोलापूरकराच्या कामाचा होणार नाही. गाळप नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतं आणि मार्चच्या आगेमागे आटोपतं. चार-पाच महिन्यांत वर्षभराचा ऊस घेतला जातो, साखर पोत्यात भरून गोदामात लागते, आणि २०१८ पासून केंद्र सरकार दर महिन्याला विक्रीचा कोटा ठरवून देतं. मनात आलं म्हणून सगळी साखर एकदम विकता येत नाही. त्यामुळे कारखाना गोदामातली साखर बँकेकडे तारण ठेवून उचल घेतो. साखर विकली की आलेल्या पैशातून आधी बँकेची उचल आणि व्याज वळतं होतं.

याचे दोन परिणाम लक्षात घ्या. पहिला: ३१ मार्चला गोदाम भरलेलं असतं, म्हणून मालतारण कर्जही चढलेलं असतं. त्या दिवसाचा ताळेबंद पाहून घाबरायचं कारण नाही, आणि वर सांगितलेली दराची पायरी इथे दोन मार्चच्या सरासरीवर केली तर दर उगाच कमी दिसतो. गोदामातल्या साखरेची किंमत आणि मालतारण कर्ज शेजारी मांडा. साखरेची किंमत कर्जापेक्षा स्पष्ट जास्त असली पाहिजे. मग फक्त मुदत कर्ज घ्या, म्हणजे डिस्टिलरीसाठी, सहवीज प्रकल्पासाठी, विस्तारासाठी काढलेलं, आणि डीएससीआर त्यावर तपासा.

दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल गावोगाव बोललं गेलं पाहिजे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस कारखान्यात गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे (सरकारनं ठरवलेल्या किमान ऊसदराचे) पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज लागू होतं. ज्या कारखान्याचा डीएससीआर कमी आहे तो बँकेचा हप्ता चुकवत नाही, कारण बँकेचा हप्ता चुकला तर पुढच्या हंगामाचं कर्ज अडतं. तो ऊसबिल थकवतो. मग व्याजाचा खर्च कमी दिसतो, इंटरेस्ट कव्हरेज बरं दिसतं, आणि खरं कर्ज ऊस उत्पादकाच्या डोक्यावर असतं. ताळेबंदात देणी या सदरात ऊसबिलाची थकबाकी किती ते बघा. ती कर्जात मिळवा, त्यावर १५ टक्क्यांनी व्याज धरा आणि भागाकार पुन्हा करा. ५० कोटी बिल सहा महिने थकलं असेल तर पावणेचार कोटी व्याज होतं. ते नफा-तोटा पत्रकात तरतूद म्हणून धरलंय का, हा प्रश्न सभासदानं सभेत विचारायलाच हवा. तो आपला पैसा आहे.

टॉवेल कारखान्याच्या बाबतीत हीच गोष्ट सुताच्या व्यापाऱ्याला आणि रंगणी करणाऱ्याला लागू होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी कंपन्यांना वेगळी दाखवावी लागतात, किती जुनी आहेत त्याच्या वर्गवारीसह. उत्पादक पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं व्याज, असा २००६ चा कायदा आहे. एक वर्षापेक्षा जुनी देणी त्या तक्त्यात दिसली तर वरचे सगळे आकडे पुन्हा संशयानं बघा.

पुढचं वर्ष वाईट गेलं तर?

२०२२ च्या मे महिन्यात ३५६ किलोची कापसाची खंडी एक लाख रुपयांच्या वर गेली. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर (ती बँकांना ज्या दरानं अल्प मुदतीचं कर्ज देते तो) वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. सूत महागलं आणि व्याजही महागलं, दोन्ही एकदम. अशी वेळ पुन्हा येऊ शकते असं धरूनच हिशेब करायचा.

आपल्या कंपनीवर आता ८० कोटी कर्ज आहे. दहा टक्क्यांनी पूर्ण वर्षाचं व्याज ८ कोटी, आणि शेड पूर्ण झाल्यामुळे ते सगळं नफा-तोटा पत्रकात येणार. दर अडीच टक्के वाढला तर १० कोटी. व्याजाआधीचा नफा (प्लॉटचे पैसे सोडून) होता १० कोटी. कव्हरेज बरोबर १. त्यात सुताच्या भावामुळे विक्रीवरचा नफा ३ टक्क्यांनी घटला तर १२० कोटींवर ३.६ कोटी गेले, ६.४ भागिले १० म्हणजे ०.६४. नव्या शेडमधून जादा विक्री येईल हे खरं, पण पहिल्या वर्षी ती किती येईल हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कर्ज बदलत्या दराचं आहे की ठराविक दराचं, हे टिपांमध्ये लिहिलेलं असतं. मोठ्या कंपन्या दर थोडा वाढला तर नफ्यावर काय परिणाम होईल याचा तक्ताही देतात. शेवटच्या पानांकडे असतो, म्हणून वाचायचा राहतो.

(बँका, पतसंस्था आणि फायनान्स कंपन्यांना यातलं काहीही लावू नका. ठेवींवर व्याज देणं हाच त्यांचा कच्चा माल आहे. त्यांचं मोजमाप वेगळं.)

इतरांनी काय लिहून ठेवलंय

लेखापरीक्षकाच्या अहवालाला एक परिशिष्ट जोडलेलं असतं. कर्जाच्या किंवा व्याजाच्या परतफेडीत कसूर झाली असेल तर कोणत्या बँकेची, किती रक्कम आणि किती दिवस उशीर, हे तिथे लिहावं लागतं. अगदी लहान प्रायव्हेट कंपन्यांना यातून सूट आहे. नव्वद दिवसांच्या वर हप्ता थकला की बँक ते खातं एनपीएमध्ये (थकीत कर्जात) टाकते, त्यामुळे त्या तक्त्यातले साठ-सत्तर दिवस फार जवळचे समजा. त्याच अहवालात आणखी एक ठिकाण आहे: कंपनीनं बँकेला दर तिमाहीला दिलेली माल आणि येण्यांची विवरणं हिशेबाच्या वह्यांशी जुळतात का. जुळत नसतील तर कॅश क्रेडिटची मर्यादाच फुगवलेल्या मालावर उभी असू शकते.

क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज या पतमानांकन (रेटिंग) संस्थांच्या संकेतस्थळांवर कंपनीचं नाव टाकून बघा. सोलापूरच्या अनेक न नोंदलेल्या कंपन्यांनी कधी ना कधी बँक कर्जासाठी रेटिंग घेतलेलं असतं, आणि त्याचं कारणपत्र कोणालाही फुकट वाचता येतं. कॅश क्रेडिटची मर्यादा किती वापरात असते, येत्या वर्षी मुद्दल किती फेडायचं आहे, हे अहवालात न सापडणारे आकडे तिथे सापडतात. नावापुढे 'कंपनी सहकार्य करत नाही' असा शेरा असेल, तर ते रेटिंग जुन्या किंवा अपुऱ्या माहितीवर दिलेलं असतं. तो शेरा कधीपासून आहे ती तारीख लिहून घ्या.

मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीच्या मालमत्तेवरच्या बोजांची यादीही दिसते. कोणत्या बँकेचा बोजा, कधी चढवला, किती रकमेचा, फिटला का. कंपनीनं समूहातल्या दुसऱ्या कंपनीसाठी हमी दिली असेल तर ती ताळेबंदात कर्ज म्हणून येत नाही, संभाव्य देण्यांच्या टिपेत येते. ती रक्कम कंपनीच्या स्वतःच्या कर्जाएवढी मोठी असेल, तर त्या दुसऱ्या कंपनीचाही अहवाल मागवा आणि पहिल्या पायरीपासून सुरू करा.